पान उघडेपर्यंत

माझी पहिली नोकरी अमरावतीत, शिलाई मशीनच्या एका दुकानाच्या माडीवर होती. दोन खोल्या, चार कॉम्प्युटर, एक लोखंडी कपाट आणि एक माठ. खालचा दुकानदार दिवसभर जुन्या मशीन दुरुस्त करायचा आणि दुरुस्त झालेली मशीन बराच वेळ रिकामीच चालवून बघायचा, त्यामुळं आमच्या पायाखालची फरशी सतत बारीक थरथरत असायची. आता मी घरूनच काम करते. दार लावलं की खोलीत आवाज म्हणून नसतो, आणि नेमकी तेव्हाच मला ती फरशी आठवते.

आम्ही तिघं होतो. सर पूर्वी पॉलिटेक्निकात शिकवायचे. ती नोकरी सोडून त्यांनी हे ऑफिस काढलं होतं. दुसरी माझी सोबतीण, दर्यापूरकडची, माझ्याच वयाची. आणि मी, अंजनगावच्या बाजूच्या एका खेड्यातली. घरी शेती. वेबसाइट बनवणं म्हणजे काय हे मी आईला दोन-तीनदा समजावून सांगितलं, पण शेजारणींना ती एकच सांगायची, "अमरावतीले टायपिंग करते माही पोरगी." दुपारी चार वाजले की सर खिडकीतून खाली वाकून हाक मारायचे आणि दह्यात बुडालेले गिलावडे ताटल्यांतून वर यायचे. मग सर ओरडायचे, "कीबोर्डपासून दूर! दोघी पण!" आम्ही ताटल्या घेऊन जिन्यात बसायचो.

त्या वर्षी दिवाळीनंतर आमचं तोपर्यंतचं सगळ्यात मोठं काम अकोल्याला सुरू झालं. तिथल्या एका जुन्या डोळ्यांच्या दवाखान्याला रुग्णांची नोंद कॉम्प्युटरवर करायची होती. तोवर सगळं रजिस्टरात आणि पत्र्याच्या कपाटांत होतं. माणूस आला की त्याचं नाव टाकायचं, त्याचा जुना कागद पडद्यावर आणायचा, आजची तपासणी लिहायची, छापून हातात द्यायचं. काउंटरवरून डॉक्टरांच्या खोलीत, तिथून ऑपरेशनच्या यादीत, सगळं एकाच ठिकाणी. हे बहुतेक मी एकटीनं लिहिलं होतं. पडद्यावर नाव टाकलं आणि बोट उचलायच्या आत कागद समोर आला की मला जो आनंद व्हायचा, तसा पुढं मोठमोठ्या कामांतही झाला नाही.

सर आणि मी जाऊन ते बसवून आलो. काउंटरवरच्या बाईंना मी अर्धा दिवस शिकवलं; दवाखान्याचं नेट तेव्हा अजून जोडलेलं नव्हतं, म्हणून छापून नेलेली पानं दाखवून आणि नावं कॉम्प्युटरवर नुसती टाइप करून घेऊन. पन्नाशीच्या, अंगानं बारीक, चष्म्याला मागं दोरी. त्या दवाखान्यात आया म्हणून लागल्या होत्या, मग बाहेरून दहावीची परीक्षा दिली आणि नोंदणीवर आल्या. सगळा दवाखाना त्यांना मावशी म्हणायचा. मी पहिल्या दिवशी "मॅडम" म्हटलं तर त्या म्हणाल्या, "मॅडम डॉक्टरीनबाईले मन. मले मावशी मन." त्या एका बोटानं टाइप करायच्या, पण चुकायच्या नाहीत.

आठ दिवसांत अकोल्याहून फोन सुरू झाले. पान उघडत नाही. उघडतं, पण फार वेळ लागतो. पडदा पांढरा होऊन राहतो.

मी लगेच आमच्या ऑफिसात बसून तेच पान उघडून पाहिलं. चुटकीसरशी उघडलं. सोबतिणीच्या कॉम्प्युटरवर पाहिलं, सरांच्या कॉम्प्युटरवर पाहिलं, तिथंही तसंच. सर फोनवर म्हणाले, "आमच्याकडं तर मस्त चालून राहिलंय, डॉक्टर. तुमचं नेट पाहून घ्या."

त्यांनी नेट पाहून घेतलं. दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन आणलं. फरक नाही. मग सर म्हणाले, पानावरची चित्रं जड असतील. मी डोळ्याचं ते वरचं मोठं चित्र बारीक केलं, नंतर काढूनच टाकलं. फरक नाही. मग मी नावं शोधायची पद्धत बदलली. हजारो कागदांतून एक नाव काढायला वेळ लागत असेल, म्हणून पुस्तकाला मागं सूची असते तशी सूची करून दिली. आमच्याकडं आधीच वेगात असलेलं पान आणखी वेगात यायला लागलं. अकोल्याला फरक नाही. शेवटी त्यांच्या कॉम्प्युटरची मेमरी वाढवून झाली. तेव्हाही नाही.

मधल्या एका शनिवारी मी सुट्टी घेऊन आईसोबत कौंडण्यपूरच्या यात्रेला गेले होते. वर्धा नदीच्या काठी, पाळण्यांच्या आणि पिपाण्यांच्या कल्लोळात सोबतिणीचा फोन आला. तेव्हा माझ्याकडं बटणांचा साधा फोन होता. कानात बोट घालून मी ऐकलं. ती म्हणत होती, "अवं, आज आपल्या इथंबी हळू चालते. अकोल्याचं पान उघडूनच नाई राह्यलं." सोमवारी मी आले, पान उघडलं, चुटकीसरशी आलं. "शनिवारी नेट डाऊन असेल," सर म्हणाले. आम्ही तो विषय तिथंच सोडला.

तीन आठवडे असे गेले. अकोल्याचे डॉक्टर आता सरांशी तुटक बोलायला लागले होते. एका फोननंतर सर खुर्चीत मागं रेलले आणि म्हणाले, "ते म्हणतात, बाईंना जमत नसेल. वय झालं आहे. एखादी कॉम्प्युटर शिकलेली मुलगी बसवून पाहतो."

मी म्हणाले, "असू शकते सर. त्या एका बोटानं टाइप करतात."

हे मी म्हणाले. कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं. तीन आठवडे चूक सापडत नसली की माणूस कुणाचा तरी हात शोधतो, आणि मला तो एका बोटाचा हात सापडला होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला अकोल्याला पाठवलं. "बाजूला बसून पाहा काय करतात ते."

सकाळची एस.टी. होती. बडनेऱ्याला अर्धी गाडी भरली, मूर्तिजापूरला उभं राहायला जागा उरली नाही. थंडी पडलेली, खिडक्यांच्या काचा खडखडत होत्या, आणि रस्त्यानं कापूस भरलेल्या गाड्या जिनिंगकडं चाललेल्या. माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. त्यांनाही त्याच दवाखान्यात जायचं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन थंडीत करावं, उन्हाळ्यात जखम चिघळते, असं आमच्याकडच्या लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळं त्या दिवसांत दवाखान्यात जत्राच असे. उतरल्यावर मी त्यांना हात दिला. ते म्हणाले, "आता तठी टाइम लागते बापा. पयले बाई कागद खटकन काढून दे. मशीन आनली अन् बाई बिघडली."

रांग दवाखान्याच्या पायऱ्या उतरून लिंबाच्या झाडापर्यंत गेली होती. बहुतेक म्हातारी माणसं. कुणी पायरीवर फतकल मारून, कुणी काठीवर हनुवटी टेकून. काउंटरच्या काचेमागं मावशी बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी बाजूचा स्टूल पायानं सरकवला. "ये. बैस. पाह्य तुह्या डोयानं."

मी पाहत बसले. त्यांची एकही चूक होत नव्हती. नाव विचारायच्या, एका बोटानं टाकायच्या, बटण दाबायच्या आणि हात मांडीवर घेऊन स्वस्थ बसायच्या. पडदा पांढरा. काचेपलीकडचा माणूस त्यांच्याकडं बघतोय, त्या पडद्याकडं बघतायत. मग पान उघडायचं. पुढचं बटण, पुन्हा पांढरं. एका माणसाला तीन पानं लागत होती. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, झोपल्या काय?" मावशींनी मान वर केली नाही. त्यांचे ओठ तेवढे हलत होते.

मला वाटलं त्या मला शिव्या देत असतील. त्यांनी दिल्या असत्या तरी चाललं असतं.

दोन तास मी असं बसले. वहीत काय काय लिहिलं, कोणतं पान, किती वाजता, रांगेत किती माणसं. त्यातून काहीच निघत नव्हतं. गर्दी असताना हळू, गर्दी ओसरल्यावरही हळू. दुपारी काउंटर अर्धा तास बंद झाला तेव्हा मावशींनी पत्र्याच्या कपाटाच्या आडोशाला डबा उघडला आणि झाकणात माझ्यासाठी वाढलं. ज्वारीची भाकर, ओल्या तुरीचे सोले घातलेली वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा.

एक गोष्ट लिहायला लाज वाटते, पण लिहिते. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली बाबासाहेबांचा फोटो होता. मी ज्या गावात वाढले तिथं बौद्धांची वस्ती नाल्यापलीकडं होती, आणि आमच्या घरातून कुणी तिकडं जेवायला गेलेलं मी पाहिलं नव्हतं. शाळा-कॉलेजात मी हे सगळं मागं टाकलं, असं मी स्वतःला सांगत असे. तरी पहिला घास मोडताना माझा हात क्षणभर थांबला. मावशींनी ते पाहिलं की नाही, मला कधी कळलं नाही. त्या म्हणाल्या, "तिखट लागन. पानी घे जवळ." मग मी जेवले, आणि भाजी इतकी चांगली होती की दुसऱ्यांदा मागून घेतली.

जेवता जेवता मी विचारलं, "मावशी, पान येईपर्यंत तुमी ओठात काय मनता?"

त्या जरा हसल्या. "त्रिसरन मनतो. लोक बोंबलतात ना वं. मले राग ये पयले. म्या एकदोघाले खेकसून देल्लं बी. मंग वाटलं, हे काई बरं नाई. त्यायच्या डोयाले दिसत नाई, त्यायले कोन बोलून राह्यलं? मनून मग बटन दाबलं का त्रिसरन सुरू करतो. मन शांत राह्यते."

मी मान हलवली. त्या भाकरीचा तुकडा मोडत सहज पुढं म्हणाल्या, "अन् बरोबर पुरते ना. तिसऱ्या खेपेचं संघं सरणं गच्छामि मनलं का पान उघडते. रोजच. आखर इकडचं तिकडं होत नाई."

मी घास खाली ठेवला. "रोज? दर वेळी?"

"दर येळी."

"गर्दी असली तरी?"

"गर्दी त्याले काय दिसते? मनलं ना, दर येळी."

मी हात न धुताच उठले. मावशी म्हणाल्या, "अवं, जेव तर!" पण त्याही मागून आल्या.

तीन आठवडे मी असं धरून चालले होते की पान जड आहे, म्हणून त्याला वेळ लागतो. पण जड ओझं नेणारा माणूस रोज एकाच वेळात पोचत नाही. कधी लवकर, कधी उशिरा. दर वेळी अक्षराचाही फरक न पडता तोच वेळ लागतो, याचा अर्थ तिथं काम चाललेलंच नाही. तिथं कुणीतरी नुसतं थांबलेलं आहे. बंद दाराशी उभं राहून हाका मारतंय, ठरलेला वेळ वाट बघतंय, आणि मग नाद सोडून पुढं जातंय.

मावशींना खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "मोठ्यानं मना. मी घड्याळ पाहते."

काउंटर बंद होता, रांग काचेपलीकडून आमच्याकडं पाहत होती. मी मुद्दाम असं नाव टाकलं की ज्या नावाचा कुणीच रुग्ण असणार नाही. काही सापडायचंच नाही तर पान लगेच यायला हवं. मावशींनी डोळे मिटले आणि संथ, सरळ आवाजात सुरू केलं. बुद्धं सरणं गच्छामि. धम्मं सरणं गच्छामि. संघं सरणं गच्छामि. गावात हे शब्द मी लहानपणापासून ऐकले होते, पण ते नाल्यापलीकडून, लाऊडस्पीकरमधून, वाऱ्याबरोबर येतील तेवढे. इतक्या जवळून, एका माणसाच्या आवाजात, पहिल्यांदाच ऐकत होते. दुतियंपि. ततियंपि. शेवटचं गच्छामि झालं आणि पान उघडलं. एकवीस सेकंद.

मग मी त्याहून हलकं पान घेतलं. आत शिरायचं पहिलं पान, ज्यावर नाव आणि पासवर्डच्या दोन चौकटींशिवाय काहीच नव्हतं. मावशींनी पुन्हा म्हटलं. पुन्हा शेवटच्या गच्छामिला. एकवीस.

त्या दोन चौकटींच्या पानात थांबण्यासारखं काय असेल? पान ज्या मजकुरातून बनतं तो मजकूर मी उघडला आणि वरून एकेक ओळ वाचायला लागले. सगळी माझ्याच हातची. चौथ्या-पाचव्या ओळीवर मी थांबले.

तिथं माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरचा पत्ता होता.

काम चालू असताना मी एक सोय करून घेतली होती. मी काही बदललं की पान आपोआप नवं व्हावं, दर वेळी बटण दाबायला लागू नये, म्हणून प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक ओळ टाकली होती: आधी माझ्या कॉम्प्युटरला विचार, काही नवीन आहे का. अकोल्याला काम देताना ती काढायची होती. मी विसरले. अमरावतीच्या त्या माडीवर माझा कॉम्प्युटर दोन हातांवर होता, तो लगेच उत्तर द्यायचा, कुणाला काही कळायचं नाही. अकोल्यातून तो कुणाला सापडणार? तरी दवाखान्यातलं प्रत्येक पान उघडण्याआधी त्याला हाका मारत होतं.

आणि मी कौंडण्यपूरला गेले त्या शनिवारी माझा कॉम्प्युटर बंद होता.

मी बाहेर जिन्यात जाऊन सोबतिणीला फोन लावला. "माझा कॉम्प्युटर बंद कर."

"काहून?"

"कर तर. अन् मग अकोल्याचं पान उघड."

खालच्या मशीनची खडखड फोनमधून ऐकू येत होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "अवं माय. पांढरंच हाय. त्या शनिवारसारखं."

मी तिला ती ओळ कुठं आहे ते सांगितलं आणि सगळ्या पानांतून काढायला लावली. तिनं सर्व्हरवर नवं चढवलं. मी परत काउंटरवर आले. अर्धा तास होऊन गेला होता, मावशींनी काच उघडली होती आणि पहिल्या म्हातारीचं नाव टाकलं होतं. त्यांनी बटण दाबलं, हात मांडीवर घेतले, ओठ हलवले. पान समोर.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग पडद्याकडं. "आलं?"

"आलं, मावशी."

"माय वं. माहं तर एकच झालं." आणि त्यांनी म्हातारीला हातानं थांबवलं, डोळे मिटून राहिलेलं सगळं शांतपणे पूर्ण केलं, आणि मगच पुढचं बटण दाबलं.

संध्याकाळपर्यंत रांग पायऱ्यांच्या आत आली. मी सरांना फोन केला. काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "हे पाहा, डॉक्टरांना एवढं खोलात सांगायची गरज नाही. नेटची सेटिंग होती, ती केली, म्हणून सांग. पुढचं काम त्यांच्याकडूनच येणार आहे."

मी "बरं" म्हणाले. तेव्हा खरंच तसं सांगायचं ठरवलं होतं.

पाच वाजता डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. पाठोपाठ मावशींनाही. डॉक्टर वयस्क, मोजकं बोलणारे. ते मला म्हणाले, "चालायला लागलं, ऐकलं. चांगलं झालं." मग मावशींकडं वळून म्हणाले, "बाई, एक तारखेपासून काउंटरवर एक मुलगी येते आहे. कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. तुम्ही आत जुन्या कागदांच्या खोलीत बसा. तुम्हाला पण त्रास नको."

मावशी म्हणाल्या, "हो जी." एवढंच. त्यांचा चेहरा काउंटरवर पान पांढरं असताना असायचा तसाच होता, फक्त ओठ हलत नव्हते.

मी म्हणाले, "डॉक्टर, चूक माझी होती."

आवाज नको तेवढा मोठा निघाला. मग थांबता येईना. मी ओळ कोणती, कशासाठी टाकली, कशी विसरले, सगळं सांगितलं. नेट चांगलं होतं, कॉम्प्युटर चांगला होता, मावशींचा हात चांगला होता, हे सांगितलं. ज्यावरून चूक सापडली ती गोष्ट मावशींनी सांगितली, मला तीन आठवडे सापडली नव्हती, हेही सांगितलं. त्या एका बोटानं टाइप करतात असं मी सरांपाशी म्हणाले होते, तेवढं मात्र सांगितलं नाही. ते आज इथं लिहिते आहे.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे तीन आठवडे आमचा दवाखाना तुमच्या अमरावतीच्या कॉम्प्युटरला हाका मारत होता?"

"हो."

"आणि लोक बाईंना बोलत होते."

"हो."

ते काही रागावले नाहीत, हसलेही नाहीत. चष्मा पुसत राहिले. मग मावशींना म्हणाले, "बाई, बाहेर माणसं आहेत अजून. काउंटरवर बसा." मावशी "हो जी" म्हणून गेल्या. त्या मुलीचा विषय डॉक्टरांनी माझ्यासमोर पुन्हा काढला नाही. नंतर कळलं, ती आली, पण तिला चष्म्यांच्या विभागात घेतलं.

निघताना मी काउंटरपाशी थांबले. मावशींनी पिशवीतून बोरं काढून माझ्या ओंजळीत घातली, कुण्या अकोटकडच्या पेशंटनं आणून दिलेली. म्हणाल्या, "डाक्टरले कायले सांगितलं? साहेब रागावन ना तुहा."

"रागवू द्या."

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला नाव विचारलं.

सर रागावले. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत, जे असेल ते सोबतिणीमार्फत. तिसऱ्या दिवशी चार वाजता खिडकीतून खाली वाकले आणि तीन ताटल्या सांगितल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून कपाटावर चिकटवलं: काम देण्याआधी आपापले कॉम्प्युटर बंद करून, दुसरीकडं जाऊन बघणे. दवाखान्याचं पुढचं कामही आम्हालाच मिळालं. डॉक्टर सरांना एवढंच म्हणाले होते, तुमच्याकडच्या त्या मुलीलाच पाठवा.

त्यानंतरची दोन वर्षं मी कितीदा तरी अकोल्याला गेले. माझ्या आठवणीत त्या सगळ्या खेपा हिवाळ्यातल्याच वाटतात, तशा नसणार. मग लग्न, पुणे, परत अमरावती, मुलं. आमचं ते ऑफिस बंद पडलं. सरांनी पुन्हा शिकवणं धरलं. सोबतीण आता नाशिकला असते, तिला मेसेज केला की ती अजून "काहून?" असंच उत्तर पाठवते. आता मी ज्या कंपनीचं काम करते ती परदेशातली, तिथं पान किती वेळात उघडलं हे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात, आणि मोजणारी माणसं एकमेकांना कधी भेटलेली नसतात.

मागच्या वर्षी नात्यातल्या एका लग्नाला अकोल्याला गेले तेव्हा दवाखान्यात डोकावले. आमचा प्रोग्राम केव्हाच गेलेला, दुसरा आलेला. मावशी रिटायर झाल्या होत्या. काउंटरवरच्या मुलीनं पत्ता सांगितला. मोर्णा नदीच्या पुलावरून जुन्या शहरात, विचारत विचारत गेले. मावशी ओसरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, चष्म्याची दोरी गेलेली. मी नाव सांगितलं तर ओळखेनात. अमरावती म्हटलं, कॉम्प्युटर म्हटलं, तेव्हा चेहरा उजळला.

"ते काय वं तू! म्हतारी झाली."

चहा झाला. त्यांची मुलगी नर्स होती, तिची मुलं शाळेत, सगळं सांगून झालं. मी हळूच तो दिवस काढला. पान, एकवीस सेकंद, त्रिसरण, डॉक्टरांची खोली. त्या नीट ऐकत होत्या, मान हलवत होत्या, पण मला दिसत होतं की त्यांना त्यातलं काही आठवत नाही. इतकी वर्षं मी जे मनात धरून होते ते त्यांच्याकडं उरलंच नव्हतं.

"तसं काई झालं अशीन," त्या म्हणाल्या. "मले एक आठोते. तू एकडाव आल्ती तं आमच्या लायनीतला एक बुढा चक्कर येऊन पल्ला. तू त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. चांगला घंटाभर. तुह्या नव्या डरेसले सबन चिखल लागला."

मला ते अजिबात आठवत नाही. कोणता म्हातारा, कोणता ड्रेस, काहीच नाही. मी म्हटलं, "मावशी, ती दुसरी कुणी असेल."

"दुसरी कोन? तूच होती," त्या ठामपणे म्हणाल्या आणि तांदळाचं सूप माझ्या पुढ्यात सरकवलं. "निवड जरा. माह्या डोयाले आता बारीक खडे नाई दिसत."

लग्नाची वेळ होत आली होती. मी पदर खोचला आणि निवडायला बसले.